भिंतीच्या अलीकडची बाजू

निशिगंधा औरादकरला गाण्यातलं काही कळतं असं तिच्या ओळखीतलं कुणी म्हणणार नाही, आणि ती स्वतः तर नाहीच नाही. रागाचं नाव विचारलं तर ती हसून हात जोडते. तरीही तिच्या आयुष्यातली तीसेक वर्षं दुसऱ्याच्या घरातलं गाणं ऐकण्यात गेली, आणि तेही भिंतीतून.

तिचे वडील बिदरकडच्या औरादचे. शेती भावांच्या हवाली करून ते सरकारी नोकरीसाठी हैदराबादला आले, नारायणगुड्यात एका तीन मजली इमारतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेतलं, आणि निशिगंधा कॉलेजात असतानाच गेले. पाठीमागे आई भामाबाई आणि ही एकुलती एक. जामबागच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी, तेलुगू रस्त्यावर आणि दखनी शेजारात शिकलेली. तीन भाषा येतात म्हणून टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली. आबिड्सच्या बाजूला ऑफिस होतं. कानाला हेडफोन लावून दिवसभर दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि बोलणं सुरू झालं की आपण बाजूला व्हायचं. ती म्हणायची, "माणसं काय बोलतात ते ऐकायचं नाही, कशी बोलतात ते आपोआप ऐकू येतं." मुलगा परगावाहून पैसे मागतोय की खुशाली विचारतोय, हे तिला 'हॅलो'वरूनच कळायचं.

स्थळं येत गेली आणि जात गेली. कुणाला नोकरी नको होती, कुणाला आई बरोबर येणार हे नको होतं. मग भामाबाई न्हाणीघरात पडल्या, कंबर गेली, आणि आतल्या खोलीतली खाट हेच त्यांचं घर झालं. त्यानंतर स्थळांचा विषय निघेनासा झाला. निशिगंधानं त्याचं फार मनावर घेतलं नाही. निदान घेतलं असं कुणाला दिसू दिलं नाही.

त्याच सुमारास शेजारच्या घरात लिमये राहायला आले. प्रमोद लिमये पुण्याचे, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. बायको शोभा, आणि वर्षभराची श्रुती. सामानाच्या टेम्पोतून आधी पाळणा उतरला आणि त्याच्या मागोमाग कमरेइतके उंच, काळ्या लाकडाचे दोन स्पीकर. हमालांना प्रमोदराव पुण्याच्या हिंदीत "सावकाश, सावकाश" म्हणत होते आणि हमाल "हौ साब, हौ" म्हणत ते जिन्याच्या कठड्याला आपटत होते.

ते स्पीकर लिमयांनी हॉलच्या ज्या भिंतीला लावले, तिच्याच दुसऱ्या बाजूला भामाबाईंची खाट होती.

पहिल्याच संध्याकाळी शोभावहिनी विचारायला आल्या, "आमच्या ह्यांच्या गाण्याचा त्रास होतो का हो? आई झोपून असतात, सांगा बरं का."

निशिगंधा म्हणाली, "छे, ऐकूसुद्धा येत नाही."

खोटं होतं ते. ऐकू येत होतं, पण जसं असेल तसं नाही. भिंत जुनी, जाड होती. शब्द तिच्यातून येत नसत. वरचे सूर, तंबोऱ्याची झण्‌ हेही पलीकडेच राहायचं. इकडे यायचा तो तबल्याचा घुमारा आणि घोंगडीत गुंडाळल्यासारखा गाणाऱ्याचा आवाज, म्हणजे नुसती चाल, अर्थाविना. निशिगंधाला तेवढं पुरायचं. दिवसभर शब्दच शब्द कानात पडलेल्या बाईला संध्याकाळी शब्द नसलेलं काही मिळालं तर बरंच वाटणार.

मायलेकींनी मग त्या पलीकडच्या माणसांना नावं ठेवली. गाता गाता खाकरणारा तो खोकलेबुवा. एकाच सुरावर येऊन थबकणारी ती बस चुकलेली सतार. एका तबलेवाल्याला भामाबाई भांडखोर म्हणायच्या. प्रमोदराव रविवारी सकाळी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत हुडकून एखादी रेकॉर्ड आणायचे, की दुपारी भिंतीतून नवीन पाहुणा यायचा आणि त्याचं बारसं व्हायचं.

पण भामाबाईंचा जीव होता तो 'त्या बाई'वर. रविवारी जेवणं आटोपली, की उन्हाच्या वेळी ती यायची. तिचा आवाज इतरांपेक्षा खालचा होता, आणि चालीत एक वळण होतं जिथे ती चढता चढता मध्येच उतरायची, कुणी हाक मारल्यासारखी.

एखाद्या रविवारी उशीर झाला की भामाबाई खाटेवरून विचारायच्या, "आज ती बाई आली नाई का गं?"

"येईल की. एवढ्यात तर जेवले असतील ते."

"हौ, यायलाच पायजे. न येऊन जाती कुठं!"

आणि ती आली की भामाबाई डोळे मिटून घ्यायच्या आणि तिच्याबरोबर गुणगुणायला लागायच्या, लहानपणी औरादला जात्यावर बसायच्या तशा. गाणं थांबलं तरी यांचं चालूच असायचं. निशिगंधा खुर्ची ओढून भिंतीशी बसायची. शोभावहिनींनी कितीदा तरी बोलावलं, "अहो, हॉलमध्ये या ना, नीट बसून ऐका." ती एकदा गेलीही. सोफ्यावर ताठ बसली, वाटीतला चिवडा सांडणार नाही याची काळजी घेत राहिली, आणि प्रमोदरावांनी "कसं वाटलं?" विचारल्यावर "छान" म्हणाली. घरी येऊन आईला सांगितलं, "तिकडनं काही कळत नाही बाई. इकडनंच बरं."

भामाबाई गेल्या तेव्हा लिमयांकडे तेराव्यापर्यंत काही वाजलं नाही. चौदाव्या दिवशी रविवार नव्हता, तरी दुपारी ती बाई आली. निशिगंधा रिकाम्या खाटेशेजारी बसून राहिली आणि संपूर्ण गाणं होईपर्यंत तिनं डोळेसुद्धा पुसले नाहीत. त्यानंतरही कितीतरी वर्षं ती बाई रविवारी येत राहिली. खात्यानं माणसं कमी केली, निशिगंधा लवकर निवृत्त झाली, श्रुती पुण्याला नोकरीला लागली, प्रमोदरावांचे केस गेले. रविवारची दुपार तेवढी तशीच होती.

मागच्या वर्षी श्रुती आली ती आईवडिलांना न्यायलाच. शोभावहिनींचे गुडघे जिना चढू देत नव्हते. पुण्याला श्रुतीच्या शेजारीच लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला होता, पण तो एवढासा. रेकॉर्डी, कॅसेटी, सीड्या तिथे मावणार नव्हत्या. प्रमोदरावांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्या एकेक करून कॉम्प्युटरवर चढवण्यात घालवली होती. आता चाळीस वर्षांचं गाणं वहीएवढ्या एका डब्यात बसलं होतं.

जायच्या आठवड्यात ते निशिगंधाच्या दारात आले. श्रुतीही बरोबर होती.

"निशिगंधाताई, एक विनंती आहे. ते स्पीकर आणि अॅम्प्लिफायर तुम्ही ठेवून घ्याल का? दुकानदाराला द्यायला हात धजत नाही. त्याच्याबरोबर गाण्यांची एक प्रतही देतो."

"मला काय कळतंय त्यातलं, प्रमोदराव?"

"कळायला कशाला हवं?" ते म्हणाले आणि जरा थांबून, "ऐकायला तर येतं ना?"

तिनं मान हलवली. त्यांच्या बोलण्यात काही होतं का, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

स्पीकर चार माणसांनी इकडे आणले. तिच्या हॉलमध्ये दुसरी जागाच नव्हती, म्हणून हॉल आणि आतल्या खोलीच्या मधल्या भिंतीला उभे केले. श्रुतीनं एक छोटी काळी पेटी अॅम्प्लिफायरला जोडली, गाण्यांचा डबा वायफायच्या राउटरला जोडला, आणि निशिगंधाच्या फोनवर एक अॅप टाकून दिलं.

"मावशी, सिंपल आहे. फोन म्हणजे फक्त रिमोट. इथे स्क्रोल करायचं, हवं ते गाणं प्ले करायचं. गाणं त्या डब्यातून डायरेक्ट पेटीत जातं, वायर नको, काही नको. फोन कुठेही न्या, किचनमध्ये, गच्चीवर. कॉल आला तरी म्युझिक बंद होत नाही."

"आणि नावं कुठली आहेत ही? सगळं इंग्रजीत?"

"मीच टाइप केलीयत अर्धी. मराठी वाचायला मला जाम वेळ लागतो, मावशी, तुम्हाला माहितीये ना."

लिमये गेले. शोभावहिनी जिन्यात रडल्या. प्रमोदराव बंद दाराकडे दोनदा वळून बघत उतरले.

पहिल्या संध्याकाळी निशिगंधानं दिवा लावला, चहा घेऊन सोफ्यावर बसली आणि फोनवर दिसेल ते पहिलं नाव दाबलं. खोलीत एकदम कुणीतरी माणूस उभा राहिल्यासारखा आवाज आला. श्वास घेतलेला कळत होता, तंबोरा मधमाशांसारखा चहूकडून येत होता, शब्द तर असे की हात लावावा. ती दचकून मागे सरली. चांगलं होतं. फार चांगलं होतं. पण तिच्या ओळखीचं नव्हतं. तिनं दुसरं लावलं, तिसरं लावलं. ज्यांना तीस वर्षं घरातल्यासारखं ओळखत होती त्यांच्यातला एकही तिला सापडेना. कुठे गेला खोकलेबुवा, कुठे गेली ती सतार? हजारो नावं फोनवर सरकत होती आणि तिला हवं होतं त्याचं नावच तिला माहीत नव्हतं. 'ती बाई' असं शोधायचं तर कुठे लिहायचं?

पलीकडच्या घरात नवे भाडेकरू आले. विजयवाड्याकडचं तरुण जोडपं, मुलगी गोड, दिसली की "नमस्ते आंटी" म्हणायची. भिंतीतून आता तेलुगू मालिका यायच्या. त्यांचाही नुसता घुमारा, पण त्यांना नाव ठेवावं असं निशिगंधाला वाटलं नाही.

आठ-दहा दिवस स्पीकरवर चादर टाकलेली राहिली. मग एका दुपारी ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती, हॉलकडचं दार वाऱ्यानं लागलं होतं. कामाला सोबत म्हणून तिनं फोनवर काहीतरी लावलं. आणि मधल्या भिंतीतून खोकलेबुवा आला.

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. तोच होता. तोच घोंगडीतला आवाज, तीच खाकर. ती पळत जाऊन दार उघडून आली, तर हॉलमध्ये पुन्हा तो अनोळखी, लख्ख माणूस. दार लावलं, आत आली, तर बुवा. लहान मुलीसारखं तिनं तीनचारदा करून पाहिलं. मग आईची खाट, जी त्या जुन्या भिंतीला होती, ती फरफटत ओढून हॉलच्या भिंतीला आणली. घामाघूम झाली, कंबर धरली, पण आणली.

तेव्हापासून तिच्या संध्याकाळी परत आल्या. दार लावायचं, खाटेवर भिंतीला पाठ टेकून बसायचं, आणि फोनवरून भिंतीपलीकडे गाणं लावायचं. जुनी रेकॉर्ड असती तर दर वेळी उठून जावं लागलं असतं, आणि स्वतः सुई ठेवून आलेल्या माणसाला ते पलीकडून आलं असं कसं वाटणार? इथे तसं नव्हतं. सतार मिळाली. भांडखोर तबलजी मिळाला, तो प्रत्यक्षात फारच नावाजलेला माणूस निघाला, तेव्हा ती एकटीच हसली. पण ती बाई मिळेना. जेवढी म्हणून बायकांची नावं होती तेवढी तिनं लावून पाहिली. कुणाचा आवाज वरचा, कुणी ते वळण घेतच नाही. रविवार आला की दुपारचा तो तास तिला खायला उठायचा. इतकी सगळी माणसं परत आली होती, आणि जिच्यासाठी आई डोळे मिटायची तीच नाही.

शेवटी एका रविवारी तिनं पुण्याला फोन लावला. प्रमोदरावांनीच उचलला. तब्येत, हवा, शोभावहिनींचे गुडघे, सगळं झालं.

"प्रमोदराव, एक विचारायचं होतं. एक गाणं सापडत नाही."

"नाव काय?"

"नाव नाही माहीत."

"राग? शब्द?"

"शब्द कधी ऐकू आले नाहीत." बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय कबूल केलं ते. कान तापले. "चाल माहीत आहे."

"म्हणा मग."

निशिगंधानं आयुष्यात कुणासमोर तोंड उघडून सूर काढला नव्हता. आता काढला, अगदी हळू, ते चढणं, आणि मध्येच हाक आल्यासारखं उतरणं. पलीकडे काही आवाज येईना. तिला वाटलं लाइन तुटली. जुन्या सवयीनं ती "हॅलो, हॅलो" म्हणणार, तेवढ्यात प्रमोदरावांनी पुढची ओळ गुणगुणली. 

"ती नावांत सापडणार नाही," ते म्हणाले. "अगदी शेवटी जा. सगळ्यात खाली एक बिननावाचं आहे. गुलबर्ग्याच्या एका मित्रानं कॅसेट दिली होती, कुणाच्या तरी घरातल्या बैठकीची. बाई कोण, त्यालाही माहीत नव्हतं. तो गेला. आता सांगणारं कुणीच नाही." मग म्हणाले, "तुमच्या आईंचं गाणं ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, भिंत काय एकाच बाजूची असते? गाणं संपायचं आणि तुमच्याकडून गुणगुणणं ऐकू यायचं. पहिल्यांदा मला वाटलं टेपमध्ये काही बिघाड आहे. मशीन बंद केलं तरी येतंय! मग शोभा म्हणाली, अहो, त्या आजी आहेत. त्या दिवशी रविवार होता. तेव्हापासून रविवारी ते लावायला लागलो."

निशिगंधानं विचारलं, "सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं असतं तर त्या थांबल्या असत्या."

खरं होतं. आई लाजेनं मेली असती, पुन्हा तोंड उघडलं नसतं.

"तुम्ही खुर्ची ओढायचात, तेही ऐकू यायचं," प्रमोदराव म्हणाले आणि हसले. मग हसणं थांबलं. "इथे हेडफोन लावून ऐकतो आता. भिंती पातळ आहेत, लोक तक्रार करतात. ऐकतो, छान असतं सगळं. पण आपण लावतोय ते कुणाकडे जातंय असं वाटत नाही."

आई गेल्यावरही त्यांनी वर्षानुवर्षं रविवारी ते लावलं होतं. तेव्हा इकडून गुणगुणणं येत नव्हतं, खुर्ची ओढल्याचा आवाज तेवढा येत असणार. हा हिशेब निशिगंधाच्या मनात आला आणि तिनं तो पुढे मांडला नाही. या वयात काही गोष्टी विचारून काय करायच्या? उत्तर 'नाही' आलं तर वाईट, आणि 'हो' आलं तर त्याहून वाईट.

"लावता का आत्ता?" त्यांनी विचारलं. "मला त्या बाजूनं कसं ऐकू येतं ते कधी कळलंच नाही. फोन ठेवू नका, भिंतीला लावा."

तिनं दार लावलं. फोन न तोडता सगळ्यात खाली गेली, बिननावाच्या ओळीवर बोट ठेवलं. पलीकडे हॉलमध्ये आधी नुसती खरखर झाली असणार, ती इकडे आली नाही. मग ती बाई आली. निशिगंधानं फोन भिंतीशी धरला आणि दुसरा हात भिंतीवर सपाट ठेवला. चुना थरथरत होता. वळण आलं, बाई चढता चढता उतरली. खाटेचा कठडा निशिगंधाच्या गुडघ्याला टोचत होता, तिला ते कळलंही नाही.

गाणं संपल्यावर तिनं फोन कानाला लावला.

"तंबोरा गेला," प्रमोदराव म्हणाले. "शब्द गेले. निम्मं गाणं गेलं हो."

"हो. आमच्याकडे एवढंच यायचं."

"आणि एवढ्यावर त्या गायच्या?"

"एवढ्यावरच."

 मग तिकडे शोभावहिनींनी फोन काढून घेतला. "काय हो, यांना रडवलंत की काय? ते असू द्या. कोटीच्या बाजारात गेलात तर मला त्या नेहमीच्या गल्लीतला जर्दाळू पाठवा, इथला अगदीच भुसा आहे. आणि या ना एकदा पुण्याला, नुसतं येते-येते म्हणता." निशिगंधा "येते" म्हणाली. जाणं व्हायचं नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. शोभावहिनींचा जिना सुटला तेव्हाच आपलं एकमेकींकडे जाणं संपलं, हे तिनं मनाशी कबूल केलं होतं.

फोन बंद झाला. संगीत बंद करायचं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. प्रमोदराव त्या गाण्यानंतर नेहमी मशीन थांबवायचे, चहाची वेळ व्हायची. पण आता कुणी थांबवलं नव्हतं, आणि भिंतीपलीकडे त्या बैठकीतली टेप पुढे चालू लागली होती. कुणीतरी हसलं, भांडी वाजली असावीत, आणि बाईनं दुसरं काहीतरी सुरू केलं, जे भामाबाईंनी कधीच ऐकलं नव्हतं.

निशिगंधा क्षणभर खाटेवर बसून राहिली. मग उठली, दार उघडलं आणि हॉलमध्ये जाऊन स्पीकरसमोर बसली. बाईचे शब्द काय आहेत ते तिला आता ऐकायचं होतं.